शेजारच्या धुराचा खटला

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल नावाचं एक गाव आहे. अमेरिकेची सरहद्द तिथून पंधरा किलोमीटरच्या आत. गावात शिसं आणि जस्त गाळणारा अवाढव्य कारखाना आहे. १९२५ आणि १९२७ साली त्याने ४०९ फूट उंचीची दोन धुराडी उभी केली. त्या सुमारास कारखान्यातून महिन्याला नऊ हजार टनांच्या आसपास गंधक हवेत जात होतं. कोलंबिया नदीचं खोरं अरुंद, दोन्ही अंगांना डोंगर. धुराला पसरायला वाव नाही. तो नदीबरोबर दक्षिणेकडे सरकायचा आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर उतरायचा. तिथली पिकं करपू लागली, उतारांवरची झाडं वाळू लागली.

शेतकऱ्यांनी दाद मागायची तर कुठे? कारखाना परदेशात, त्यामुळे आपल्या राज्यातलं कोर्ट उपयोगाचं नाही. ब्रिटिश कोलंबियातली कोर्टं त्या काळच्या नियमाप्रमाणे परक्या देशातल्या जमिनीच्या नुकसानीचा दावा ऐकून घेत नव्हती. कंपनीने त्या जमिनी किंवा त्यांवरचे हक्क विकत घेऊन प्रश्न मिटवायचा म्हटलं, तर वॉशिंग्टन राज्याचा कायदा परकीयांना जमीन घेऊ देत नव्हता. चारी बाजूंनी दारं बंद. मग ते भांडण वर चढत चढत दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेलं, १९३५ मध्ये दोघांनी करार केला आणि तीन जणांचा लवाद बसला.

लवादापुढे अडचण अशी की देशादेशांमधल्या धुराच्या भांडणाचा आधीचा निकाल जगात सापडेना. तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या दोन राज्यांमधले जुने तंटे काढून त्यांचा आधार घेतला. १९४१ च्या अंतिम निवाड्यात जे आलं त्याचा मथितार्थ असा: आपल्या भूमीचा वापर करून दुसऱ्या देशाच्या भूमीला, मालमत्तेला किंवा माणसांना धुराने गंभीर इजा करण्याचा अधिकार कुठल्याच देशाला नाही, मात्र इजा गंभीर हवी आणि पुरावा स्पष्ट हवा. बांधाला बांध असलेल्या दोन शेतकऱ्यांमध्ये जो नियम कुठल्याही गावात सांगितला गेला असता, तोच दोन सार्वभौम देशांना सांगितला गेला.

मला या निवाड्याचं अप्रूप वाटतं ते यासाठी की त्या तीन माणसांना आपण काय लिहून ठेवतो आहोत याची कल्पना असणं शक्य नव्हतं. त्यांच्यासमोर एक कारखाना होता, एक खोरं होतं आणि नाकाला झोंबणारा धूर होता. पुढे ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी हाच नियम अख्ख्या पृथ्वीच्या वातावरणाला लावता येईल का, असा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात विचारला गेला.

वातावरणाची गोष्ट खोऱ्यासारखी नसते, ही खरी मेख. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. तो वर्षानुवर्षं, त्यातला काही भाग तर शतकानुशतकं, हवेत राहतो आणि सगळीकडे मिसळून जातो. १९५० साली पिट्सबर्गच्या भट्टीतून निघालेला रेणू आणि २०२० साली शांघायच्या वीजकेंद्रातून निघालेला रेणू यांत फरक करता येत नाही. धुराडी कोट्यवधी, आणि नुकसान झालेलेही कोट्यवधी. त्यातले पुष्कळसे एकाच वेळी दोन्ही बाजूंना. मग फिर्यादी कोण, प्रतिवादी कोण?

हा प्रश्न धसाला लावला तो व्हानुआतूने. प्रशांत महासागरातला सुमारे ऐंशी बेटांचा, तीन लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश. कायद्याच्या दृष्टीने मुळातच गमतीदार. १९८० मध्ये स्वतंत्र होईपर्यंत इथे ब्रिटन आणि फ्रान्स यांचं संयुक्त राज्य होतं: दोन पोलीस दलं, दोन तुरुंग, दोन कायदे, आणि एक संयुक्त न्यायालय, ज्यात एक न्यायाधीश ब्रिटिश, एक फ्रेंच आणि अध्यक्ष स्पेनच्या राजाने नेमलेला. एकाच गुन्ह्याचे दोन हिशेब होऊ शकतात हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलं, त्यांच्या नातवंडांना आंतरराष्ट्रीय कायद्याची भीती कमी वाटली तर नवल नाही.

या देशाचा हरितगृह वायूंतला वाटा नगण्य आहे. वादळांतला मात्र भरपूर. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ चक्रीवादळ आलं आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ ६४ टक्क्यांइतकं नुकसान एका झटक्यात झालं. २०२० मध्ये ‘हॅरॉल्ड’. मार्च २०२३ मध्ये तर ‘ज्युडी’ आणि ‘केविन’ ही दोन वादळं एकाच आठवड्यात.

राजधानी पोर्ट व्हिला इथे युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकची कायद्याची शाखा आहे. २०१९ मध्ये तिथल्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या चर्चेतून एक कल्पना उचलली: हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायला लावायचं. त्यांनी संघटना काढली आणि प्रशांत महासागरातल्या देशांच्या नेत्यांना पत्रं धाडली. अशा पत्रांचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. व्हानुआतूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनव्हानू यांनी मात्र ते पत्र गंभीरपणे घेतलं. कल्पना अगदी कोरी होती असंही नाही. २०११ मध्ये पलाऊ या प्रशांत महासागरातल्याच बेटदेशाने हाच विचार संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने तो विरून गेला. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, समुद्र चढल्यामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांनी विमानिधी उभारावा अशी सूचना छोट्या बेटदेशांच्या वतीने केली होती ती व्हानुआतूनेच. अशा नुकसानीसाठी निधी स्थापायला जग राजी झालं २०२२ मध्ये. एकतीस वर्षांनी.

इथे एक कायदेशीर खाचखळगा समजून घ्यायला हवा, कारण त्यातच या मोहिमेची हुशारी आहे. हेगचं न्यायालय बहुतेक मराठी घरांत पोचलं ते पाकिस्तानात अटक झालेल्या कुलभूषण जाधव यांच्यामुळे. २०१७ ते २०१९ या काळात नागपूरच्या हरीश साळव्यांचा युक्तिवाद लोकांनी टीव्हीवर पाहिला. तेव्हा भारताला पाकिस्तानला तिथे खेचता आलं, कारण परदेशात अटक झालेल्यांना वकिलातीची मदत मिळण्याबद्दलच्या व्हिएन्ना कराराच्या जोडपत्रावर दोघांच्याही सह्या होत्या आणि त्यात वाद हेगला न्यायचा असं लिहिलेलं होतं. सही नसती तर भारताला दारातूनच परतावं लागलं असतं. हे न्यायालय देशांच्या संमतीवर चालतं. अमेरिकेने त्याचा सर्वसाधारण अधिकार मानण्याचं १९८६ पासून सोडून दिलं आहे. चीनने तो स्वीकारलेलाच नाही. भारताने स्वीकारला आहे, पण अटींची अशी लांब यादी जोडून की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वादच त्यातून वगळलेत. व्हानुआतू राष्ट्रकुलात आहे. म्हणजे उद्या त्यांनी भारतावर हवामानाचा दावा लावायचा म्हटलं, तरी दार बंद. ट्रेलच्या शेतकऱ्यांची जी गत होती, तीच.

पण या न्यायालयाला दुसरं दार आहे. संयुक्त राष्ट्रांची महासभा त्याला कायद्याचा प्रश्न विचारू शकते आणि न्यायालय सल्लागार मत देतं. यात प्रतिवादी कोणीच नसतो, त्यामुळे कोणाची संमतीही लागत नाही. महासभेत एका देशाला एक मत, तीन लाखांच्या देशालाही एक आणि दीड अब्जांच्या देशालाही एक.

व्हानुआतूने सतरा देशांना सोबत घेऊन ठरावाचा मसुदा केला. हा मसुदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. पॅरिसच्या हवामान कराराप्रमाणे देशांनी काय करावं, एवढंच त्यांनी विचारलं नाही. प्रस्तावनेतच संयुक्त राष्ट्रांची सनद, मानवाधिकारांचे करार, समुद्रकायदा, पर्यावरणाला इजा टाळण्याचं जुनं कर्तव्य असं सगळं मांडून मग प्रश्न केला: या सगळ्याकडे बघता देशांची कर्तव्यं काय? आणि ज्यांनी कृतीने किंवा हलगर्जीने हवामानाचं मोठं नुकसान केलं, त्यांच्यावर कायद्याने कोणते परिणाम ओढवतात? दुसरा प्रश्न हा खरा सुरुंग. २९ मार्च २०२३ रोजी ठराव मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर झाला. १३२ देश सहप्रस्तावक होते. त्यांत अमेरिका नव्हती, भारतही नव्हता.

डिसेंबर २०२४ मध्ये, २ ते १३ तारखेपर्यंत, हेगच्या शांतता प्रासादात सुनावणी झाली. ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. न्यायालयाच्या इतिहासात इतका मोठा सहभाग कधीच नव्हता. प्रत्येक देशाला अर्धा तास. पहिला मान व्हानुआतूचा. रंगीत काचांच्या खिडक्यांखाली एका बाजूला काळ्या झग्यातले न्यायाधीश, समोर कोणी सुटाबुटात, कोणी पारंपरिक वेशात. सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही, त्या २७ विद्यार्थ्यांपैकी एक, डोक्यावर आपल्या लोकांचा पारंपरिक साज घालून न्यायालयापुढे बोलली. पाच वर्षांपूर्वी ती वर्गातल्या बाकावर होती.

मोठे प्रदूषक काय म्हणाले ते ऐकण्यासारखं आहे. विज्ञान नाकारायला कोणी उभं राहिलं नाही. ती वेळ गेली. त्यांचा भर वेगळ्याच मुद्द्यावर होता. हवामानासाठी खास करार आहेत: १९९२ चा रिओचा, २०१५ चा पॅरिसचा. खास कायदा असला की सर्वसाधारण कायदा मागे पडतो. तेव्हा ट्रेलसारखे जुने शेजारधर्माचे नियम इथे आणू नका, पॅरिसमध्ये जेवढं ठरलं तेवढंच बघा. अमेरिका, सौदी अरेबिया, ऑस्ट्रेलिया थोड्याफार फरकाने याच वाटेने गेले. कारण उघड आहे. पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट आपणच ठरवतो आणि ते चुकलं म्हणून दंड नाही.

भारतही ५ डिसेंबरला बोलला आणि त्याने न्यायालयाला सांगितलं की सध्याच्या करारांपलीकडे नवी कर्तव्यं लादू नका. आपला देश अमेरिका-सौदीच्या रांगेत उभा बघून अनेकांना वाईट वाटलं. मला ती भूमिका अर्धी समजते. १८५० पासूनच्या एकूण उत्सर्जनात जगाच्या सहाव्या हिश्शाहून मोठ्या लोकसंख्येच्या भारताचा वाटा सुमारे ४ टक्के आहे. ज्यांनी जास्त जाळलं त्यांनी जास्त करावं, हे तत्त्व भारताने तीस वर्षं भांडून करारात लिहून घेतलंय. न्यायाधीशांनी सर्वांना सारखा नियम लावला तर ही कमाई जाईल ही धास्ती अनाठायी नव्हती. पण बुडणाऱ्या बेटांच्या समोर बसून श्रीमंतांचाच युक्तिवाद निराळ्या कारणासाठी करायचा, हे बघायला चमत्कारिक वाटतं ते वाटतंच.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाचे अध्यक्ष, जपानचे युजी इवासावा, यांनी मत वाचून दाखवलं. वाचनाला सुमारे दोन तास लागले. पंधराच्या पंधरा न्यायाधीश एकमताने एका बाजूला. न्यायालयाच्या जवळपास ऐंशी वर्षांत सल्लागार मत एकमताने येण्याची ही पाचवीच वेळ. या पंधरांत भारताचे दलवीर भंडारी होते, जे २००४-०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी अमेरिकेच्या न्यायाधीश सारा क्लीव्हलँड यांच्यासोबत जोडीने एक टिपणही लिहिलं.

खास करारांचा मुद्दा न्यायालयाने सरळ बाजूला सारला. हवामान करार आहेत आणि जुने नियमही आहेत. दोन्ही एकत्र नांदतात, एक दुसऱ्याला गिळत नाही. दुसऱ्याच्या पर्यावरणाला मोठी इजा होऊ न देण्याचं कर्तव्य प्रथेतून आलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग आहे आणि ते हवामानालाही लागू आहे. म्हणजे ट्रेलच्या खोऱ्यातून निघालेला नियम पृथ्वीभर पसरलेल्या वातावरणाला लागला. मला यातलं आश्चर्य असं वाटतं की न्यायालयाने काही नवं शोधलंच नाही. हवामान हा कायद्याला अपवाद आहे असं मानायला त्याने फक्त नकार दिला.

या नकारातून काय काय बाहेर पडलं पाहा. प्रथेचा कायदा सर्वांना बांधतो, करारावर सही असो वा नसो. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. पण करारातून बाहेर पडता येतं, शेजारातून कसं पडणार? मग उद्दिष्टांचं. प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवतो हे खरं, पण मनाला येईल ते ठरवायची मुभा नाही. जमेल तेवढं अधिकाधिक हवं आणि सर्वांची बेरीज तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायला हातभार लावणारी हवी. काळजी घेण्याचं कर्तव्य कडक आहे. मात्र ती काळजी देशाची ऐपत, त्याचा आजवरचा वाटा आणि उपलब्ध विज्ञान बघून मोजायची. म्हणजे ज्या तत्त्वासाठी भारत धास्तावला होता ते तत्त्व आत शाबूत राहिलं.

आणि ४२७ वा परिच्छेद. जगभरच्या वकिलांनी हाच परिच्छेद सगळ्यात आधी अधोरेखित केला असणार. जीवाश्म इंधनाचं उत्पादन, वापर, नव्या शोधाचे परवाने, अनुदानं यांतून हवामानाचं रक्षण करण्यात देश कमी पडला, तर ते त्या देशाचं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचं कृत्य ठरू शकतं. खासगी कंपन्यांना आवर घातला नाही तरीही. तोवरच्या हवामान वाटाघाटींत कोळसा आणि तेल हे शब्द ठरावात घालण्यावरूनच रात्र रात्र वाद व्हायचे. तीस वर्षं जो विषय दाराबाहेर उभा होता तो न्यायाधीशांनी दोन-चार ओळींत आत आणला.

आता पुराव्याकडे. ट्रेलच्या लवादाने स्पष्ट पुरावा मागितला होता आणि तिथे तो खोऱ्यात पसरलेला दिसत होता. हवामानात तो कसा दाखवायचा? न्यायालयाने म्हटलं की हे अवघड आहे, अशक्य नाही. अमुक देशाने आजवर एकूण किती सोडलं हे विज्ञान सांगू शकतं. पुढे भरपाई मागायची तर चूक आणि नुकसान यांच्यातला धागा पुरेसा थेट आणि खात्रीचा असायला हवा, आणि तो प्रत्येक खटल्यात वेगळा तपासावा लागेल.

तो धागा तपासायला बसलं की काय होतं, हे बघायला पेरूतल्या अँडीज पर्वतात जायला हवं. उआराझ नावाचं शहर आहे, आणि त्याच्या वर सुमारे साडेचार हजार मीटरवर पाल्काकोचा नावाचं हिमनदीचं सरोवर. १९४१ च्या डिसेंबरात या सरोवराचा काठ फुटून शहराचा मोठा भाग वाहून गेला होता आणि हजारावर माणसं गेली होती. (ट्रेलचा अंतिम निवाडाही त्याच वर्षीचा. निव्वळ योगायोग, पण डोक्यातून जात नाही.) नंतर सरोवरातलं पाणी काढून ते लहान केलं गेलं. पण वरची हिमनदी वितळत राहिली आणि सत्तरच्या दशकाच्या तुलनेत २००९ पर्यंत त्यातलं पाणी ३४ पट झालं.

सरोवराच्या वाटेवर घर असलेले शेतकरी आणि डोंगरवाटाडे साउल लुसियानो लियुया यांनी २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीजकंपनीवर जर्मनीतच दावा लावला. कंपनी पेरूत एक दिवाही लावत नव्हती. पण संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे औद्योगिक काळापासूनच्या जगाच्या उत्सर्जनात या एका कंपनीचा वाटा ०.४७ टक्के होता. तेव्हा सरोवर आटोक्यात ठेवायला जो खर्च येईल त्याचे ०.४७ टक्के द्या, अशी मागणी. सुमारे १७ हजार युरो. एवढ्या रकमेसाठी दहा वर्षं दोन खंडांत खटला चालला. आणि कायदा कुठला लावला? जर्मन दिवाणी संहितेचं कलम १००४, जे एरवी शेजाऱ्याच्या झाडाची मुळं आपल्या आवारात आली, त्याच्या घरातून त्रास झाला, अशा तक्रारींसाठी वापरतात.

कंपनीचं म्हणणं, शेजार म्हणजे भिंतीला भिंत. दहा हजार किलोमीटरवरचा माणूस कसला शेजारी? मे २०२२ मध्ये जर्मनीतल्या हामच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश तज्ज्ञांना घेऊन उआराझला आले, सरोवराच्या काठावर गेले, त्या घराची पाहणी केली. जर्मन न्यायाधीश अँडीजमध्ये स्थळपाहणी करताहेत, हे दृश्य कुठल्या कथालेखकाने लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने कापलं असतं.

२८ मे २०२५ रोजी निकाल आला. साउल हरले. पुढच्या तीस वर्षांत पुराचं पाणी त्यांच्या घरापर्यंत पोचण्याची शक्यता तज्ज्ञांनी एक टक्क्याच्या आसपास काढली होती, आणि तेवढी पुरेशी नाही असं न्यायालयाने ठरवलं. पण निकालपत्रात त्याच न्यायाधीशांनी म्हटलं की अंतर हा बचाव होऊ शकत नाही. मोठा उत्सर्जक जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या धोक्यासाठीही तत्त्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो. हेगचं मत यायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. एक जर्मनीतलं दिवाणी न्यायालय, एक जगाचं. दोघं वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी आले.

सगळीकडे असंच घडतंय असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या दोन वडीलधाऱ्यांनी आपल्याच सरकारवर दावा लावला होता. हेगच्या मताच्या आठच दिवस आधी, १५ जुलै २०२५ ला, तो फेटाळला गेला. बेटांची हानी होते आहे आणि सरकारने उद्दिष्टं ठरवताना विज्ञानाकडे पुरेसं बघितलं नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण ऑस्ट्रेलियन कायद्यात सरकारवर तसं कर्तव्य टाकायला जागा नाही असं सांगितलं. याच बेटांच्या दुसऱ्या तक्रारीवर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ऑस्ट्रेलियाला दोषी धरलं होतं. वस्तुस्थिती तीच आणि माणसंही त्याच बेटांवरची. कोणत्या दारातून आत जाता यावर निकाल ठरला.

हेगचं मत सल्ला आहे, हुकूम नाही. त्याची अंमलबजावणी करायला बेलिफ येत नाही. तरी त्याचा उपयोग होतो तो देशोदेशींच्या न्यायालयांत, कारण न्यायाधीश आधार शोधत असतात. नेदरलँड्समध्ये ८८६ नागरिकांच्या साथीने ‘उर्गेंडा’ संस्थेने सरकारवर खटला भरला आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घटवण्याचा हुकूम कायम केला, तो युरोपच्या मानवाधिकार कराराचा आधार घेऊन. स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक आजीबाई ९ एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध जिंकल्या. उष्णतेच्या लाटांत म्हाताऱ्या बायका जास्त दगावतात, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडे ही वाट एका पक्ष्यामुळे उघडली. माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जो एकेकाळी हमखास दिसायचा, तो आता मुख्यतः राजस्थानात उरलाय आणि विजेच्या तारांना धडकून मरतोय. निवृत्त सनदी अधिकारी आणि वन्यजीवांचे जाणकार एम. के. रणजितसिंह यांनी याचिका केली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मग सरकार आलं: या तारा सौरऊर्जेच्या आहेत, त्या पुरल्या तर हवामानाचे आंतरराष्ट्रीय शब्द पाळता येणार नाहीत. २१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आधीचा आदेश सैल केला. आणि तो सैल करता करताच म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क भारतीयांना घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून मिळतो. माळढोकाचं संरक्षण पातळ करणाऱ्या निकालातून माणसांचा हक्क जन्माला आला. तो कुठल्या कामाला येईल हे पुढच्या याचिका ठरवतील.

हेगच्या मतातला सर्वांत विस्मयकारक भाग मला वाटतो तो समुद्राच्या रेषांचा. देशाचा समुद्रावरचा हक्क किनाऱ्यापासून मोजतात, २०० सागरी मैलांपर्यंत. किनारा मागे सरकला तर रेषाही सरकणार का? आणि बेटच बुडालं तर? तुवालूची जमीन आहे २६ चौरस किलोमीटर. तिच्याभोवतीचा हक्काचा समुद्र सात लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा जास्त. त्या समुद्रातल्या ट्यूना माशांच्या परवान्यांवर या देशाचा मोठा खर्च चालतो. (बाकीच्यातला काही भाग इंटरनेटच्या ‘टीव्ही’ या पत्त्यावर. ‘टीव्ही’ हे देशाच्या नावाचं लघुरूप निघालं, हे त्यांचं नशीब.)

न्यायालयाने सांगितलं की एकदा रीतसर जाहीर केलेल्या रेषा समुद्र चढला म्हणून पुन्हा आखायची सक्ती नाही. आणि देश एकदा देश झाला की त्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून तो देश उरणार नाहीच असं नाही. पाठ्यपुस्तकांत देशाच्या व्याख्येतला एक आवश्यक घटक असतो भूमी. तुवालूने २०२३ मध्येच आपल्या राज्यघटनेत लिहून टाकलंय की हवामानामुळे भूमी गेली तरी आमचं राज्य कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला, दरवर्षी २८० तुवालूकरांना तिथे स्थायिक होता येईल असा. २०२५ च्या जून महिन्यात पहिल्या सोडतीची नोंदणी सुरू झाली आणि काही दिवसांतच देशाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांची नावं अर्जांत आली होती. ते गेल्यावरही मासेमारीचे परवाने तुवालूच्याच नावाने निघणार आहेत.